अंतर, अवधी आणि वाट : मुंबई–कराची मार्गाचा वाङ्मयीन इतिहास

१. प्रश्नाची मांडणी

मुंबई आणि कराची या दोन बंदरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. मुंबई–दिल्ली हे अंतर सुमारे १,१४० किलोमीटर भरते. याचा अर्थ असा की, मुंबईपासून देशाची राजधानी जितकी दूर आहे त्यापेक्षा कराची अडीचशेहून अधिक किलोमीटर जवळ आहे. जेट विमानाला हे अंतर कापण्यास साधारणपणे दीड तास पुरतो. १९५१ पासून कराचीचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या अर्धा तास मागे चालत आले आहे. त्यामुळे या दोन शहरांमध्ये थेट विमाने होती तेव्हा मुंबईहून निघालेला प्रवासी घड्याळाच्या हिशेबाने तासाभरात कराचीस पोचत असे आणि परतीच्या प्रवासास मात्र त्याला दोन तास लागत.

थेट विमान नसते तेव्हा हाच प्रवास दुबईमार्गे करावा लागतो. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई–कराची सुमारे १,१९० किलोमीटर, असा तो एकूण ३,१०० किलोमीटरांहून अधिक होतो, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पट. हवेतच पाच तासांच्या आसपास जातात. दुबईच्या विमानतळावरील प्रतीक्षा निराळी.

या आकड्यांतून तीन भिन्न गोष्टी पुढे येतात. पहिली अंतर, ते पृथ्वीच्या गोलाकारावर मोजले जाते आणि बदलत नाही. दुसरी अवधी, तो वाहनाच्या वेगानुसार घटतो. तिसरी वाट, ती राज्यसंस्था, कागदपत्रे आणि वाहतुकीच्या सोयी यांवर अवलंबून असते आणि ती लांबते, तुटते, पुन्हा जुळते. वाहतुकीचा इतिहास सामान्यतः अवधी कमी होत जाण्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मुंबई–कराची मार्गाचा इतिहास त्या चौकटीत बसत नाही. येथे वाहने वेगवान होत गेली आणि वाट लांबत गेली.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम नाही. दोन साहित्यांची तुलना करताना त्यांचा ‘शेजार’ आपण बहुधा नकाशावरून ठरवतो. पण ग्रंथ, लेखक आणि वाचक नकाशावरून प्रवास करीत नाहीत. ते वाटेने प्रवास करतात. शेजार हा वाटेचा गुण आहे, अंतराचा नव्हे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

२. एक इलाखा, दोन बंदरे

१८४३ मध्ये ब्रिटिशांनी सिंध जिंकून घेतला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडला. भौगोलिकदृष्ट्या हा जोड विलक्षण होता. इलाख्याचा उर्वरित प्रदेश आणि सिंध यांच्यामध्ये कच्छचे रण, काठेवाडातील संस्थाने आणि राजपुतान्याचे वाळवंट पसरलेले होते. त्यामुळे मुंबई आणि कराची यांना जोडणारा खरा रस्ता समुद्राचाच होता. सुमारे ५०० सागरी मैलांचा हा प्रवास आगबोटीने दोनेक दिवसांत होई. पुढे अहमदाबाद, मारवाड आणि सिंधमधील हैदराबाद या मार्गाने लोहमार्गाची जोडणीही झाली. पण मधला मोठा टप्पा अरुंद रुळांचा असल्याने प्रवाशास वाटेत दोनदा गाडी बदलावी लागे. याउलट १८८९ मध्ये रोहरी–सक्कर येथे सिंधू नदीवर पूल झाल्यानंतर कराची थेट पंजाबशी जोडली गेली. लोहमार्गाने तिचे तोंड लाहोरकडे वळवले. आगबोटीने मात्र ते मुंबईकडे ठेवले.

राज्यकारभारात या अंतराची दखल घेतली गेली होती. मुंबईच्या गव्हर्नरास सिंधचा दैनंदिन कारभार पाहणे शक्य नसल्याने ‘कमिशनर इन सिंध’ या अधिकाऱ्यास इतर कमिशनरांना नसलेले विशेष अधिकार देण्यात आले होते. शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र सिंधची नाळ मुंबईशी घट्ट बांधलेली होती. १८८७ मध्ये कराचीत स्थापन झालेले दयाराम जेठमल सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. सिंधी तरुणांच्या कित्येक पिढ्यांच्या पदव्यांवर मुंबईची मोहोर आहे.

या शैक्षणिक संबंधात एका मराठी माणसाचे नाव ठळकपणे येते. नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधच्या शिक्षण खात्यातील अधिकारी होते. कराचीत १८५५ मध्ये सुरू झालेली सरकारी शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि नारायण जगन्नाथ हायस्कूल हे नाव फाळणीनंतरही टिकून राहिले. सिंधी भाषेसाठी अरबी वळणाची, ५२ अक्षरांची लिपी १८५३ मध्ये सरकारने मान्य केली होती. त्यानंतर १८६८ मध्ये हिंदू व्यापारी वर्गात रूढ असलेल्या खुदाबादी लिपीस प्रमाण रूप देण्याच्या कामी वैद्य यांची योजना झाली. एका भाषेच्या लिपीचा प्रश्न दुसऱ्या भाषेच्या माणसाकडे सोपवला जाणे, ही इलाख्याच्या समान प्रशासनामुळे शक्य झालेली घटना होती. मराठी–सिंधी संबंधांचा विचार बहुधा १९४७ नंतरच्या निर्वासितांपासून सुरू केला जातो. तो त्याआधी किमान ऐंशी वर्षे मागे न्यावा लागतो.

या वाटेवर मराठी आणि सिंधी याच दोन भाषा होत्या असे नव्हे. पारशी, खोजा, मेमन आणि कच्छी व्यापाऱ्यांची घराणी दोन्ही बंदरांत पसरलेली होती. त्यांच्यामुळे गुजराती ही या किनाऱ्याची व्यवहारभाषा झाली. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे मुंबईमार्गे कराचीत जाऊन स्थायिक झाली आणि त्यांच्याबरोबर कोकणी तेथे गेली. कराचीत ‘बॉम्बे बाजार’ वसला. गव्हाच्या सत्त्वापासून किंवा मक्याच्या पिठापासून केलेली चिवट, पारदर्शक मिठाई कुठे ‘कराची हलवा’ तर कुठे ‘बॉम्बे हलवा’ या नावाने विकली जाऊ लागली. एकाच वस्तूस परस्परांच्या शहरांची नावे मिळावीत इतकी ही वाट वहिवाटीची होती.

तरीही दूरत्वाची तक्रार होतीच, आणि पुढे ती राजकीय झाली. १९१३ मध्ये कराचीत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात हरचंदराय विशिनदास यांनी सिंधच्या वेगळेपणाचा मुद्दा मांडला. नंतरच्या काळात हिंदू पुढाऱ्यांनी या मागणीकडे पाठ फिरवली आणि मुस्लिम पुढाऱ्यांनी ती लावून धरली. १९३० मध्ये मुहम्मद अयूब खुहरो यांनी सिंधच्या हालअपेष्टांची कहाणी सांगणारी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध करून विभक्त प्रांताची बाजू मांडली. मुंबई दूर आहे, तेथील सरकारला सिंधची माहिती नाही, मुंबईच्या हितापुढे कराचीचे हित गौण ठरते, असा या पक्षाचा एकंदर रोख होता. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध स्वतंत्र प्रांत झाला. अंतर हे येथे प्रथमच दोन शहरे वेगळी करण्याचे कारण म्हणून पुढे आले. दोन दिवसांच्या वाटेने जी शहरे एका इलाख्यात नव्वद वर्षे एकत्र नांदली, ती नेमकी हा प्रवास काही तासांवर आला तेव्हा विभक्त झाली, ही बाब लक्षणीय आहे.

३. १९३२ : टपालाची वाट

प्रवास काही तासांवर आणणारी घटना १५ ऑक्टोबर १९३२ रोजी घडली. इंपीरियल एअरवेजची लंडन–कराची विमानसेवा मार्च १९२९ मध्ये सुरू झाली होती. लंडनची डाक हवेतून कराचीपर्यंत येई. पुढे मुंबई व मद्रासकडे ती जमिनीवरूनच जाई. हा तुटलेला दुवा जोडण्यासाठी टाटा समूहाने साप्ताहिक टपालसेवा सुरू केली. जे. आर. डी. टाटा यांनी एक इंजिन असलेले ‘पस मॉथ’ विमान कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून सकाळी उडवले, अहमदाबादेस इंधन घेतले आणि दुपारी ते जुहूच्या चिखलमिश्रित मैदानावर उतरवले. विमानात सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले, हा तपशील या उड्डाणाच्या सर्व हकिगतींत आवर्जून येतो. जुहूहून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जात असल्याने या सेवेचे ठाणे त्या काळापुरते पुण्यास हलवावे लागे.

अहमदाबादमार्गे हे अंतर १,०३० किलोमीटरांच्या आसपास होते. आजच्या विमानाच्या मानाने ते उड्डाण संथच. तथापि दोन दिवसांची वाट एका सकाळीत आली होती. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ या घटनेपासून मानला जातो. त्या अर्थी भारतातील पहिला महत्त्वाचा देशी हवाई मार्ग हा आजच्या दोन राष्ट्रांना जोडणारा मार्ग होता. आणि त्यावरून प्रवाशांच्या आधी पत्रे गेली, हेही साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावे असे आहे. हवाई टपालामुळे नियतकालिके, हस्तलिखिते आणि अभिप्राय यांची देवाणघेवाण आठवड्याच्या लयीत बांधता येऊ लागली. लंडनचे साप्ताहिक मुंबईच्या वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी कराचीच्या धावपट्टीवर उतरत होते.

घड्याळाची एक गंमतही येथे सांगण्याजोगी आहे. कराचीत १९०७ पासून भारतीय प्रमाणवेळ होती. मुंबईतील सार्वजनिक घड्याळे मात्र त्यानंतरही दीर्घकाळ, अगदी १९५५ पर्यंत, ‘मुंबई टाइम’ दाखवीत होती, आणि ती वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे एका राज्यसत्तेखाली असतानाही या दोन शहरांची घड्याळे जुळत नव्हतीच. तेव्हा कराची पुढे होती, आज मुंबई पुढे आहे. दोन शहरांतील वेळेचा फरक फाळणीने निर्माण केला नाही. तिने फक्त त्याची दिशा फिरवली आणि त्यास सार्वभौमत्वाचा अर्थ दिला.

४. १९४८ : एकाच महिन्यातील दोन दिशा

ऑगस्ट १९४७ मध्ये सीमा आखली गेली, पण वाट लगेच बंद झाली नाही. पुढील काही महिने ती अभूतपूर्व गजबजली होती. फरक एवढाच की आता प्रत्येक प्रवास एकेरी होता. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि सिंधमधील हिंदूंच्या स्थलांतरास वेग आला. पंजाबातील निर्वासित प्रामुख्याने रस्त्याने आणि रेल्वेने आले. सिंधी निर्वासितांपैकी फार मोठा भाग कराचीच्या धक्क्यावरून आगबोटीने मुंबईस आणि काठेवाडच्या बंदरांत उतरला. त्याच जानेवारीत सआदत हसन मंटो यांनी मुंबई सोडली आणि ते बोटीने कराचीस उतरून लाहोरला गेले. एकाच महिन्यात, एकाच समुद्रमार्गावर, एका भाषेचा थोर कथाकार एका दिशेने गेला आणि दुसऱ्या एका भाषेचा जवळजवळ सगळा हिंदू वाचकवर्ग विरुद्ध दिशेने आला.

या दोन प्रवासांचे वाङ्मयीन परिणाम वेगवेगळे झाले. मंटो यांनी लाहोरमध्ये बसून मुंबईचे चित्रपटजगत शब्दबद्ध केले. त्यांच्या ‘गंजे फरिश्ते’ या व्यक्तिचित्रसंग्रहाची शक्ती त्या तुटलेल्या वाटेतूनच येते. उर्दूला पाकिस्तानात राष्ट्रभाषेचे स्थान मिळाले आणि भारतातही ती अनेक प्रांतांत वाचली जात राहिली. सिंधी भाषेची स्थिती अवघड झाली. तिची भूमी एका देशात राहिली आणि तिच्या लेखक-वाचकांचा मोठा वर्ग दुसऱ्या देशात विखुरला. कल्याणजवळील लष्करी छावणीच्या बराकींत वसवलेल्या निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. मोहन कल्पना यांच्यासारखे लेखक तेथे, तर सुंदरी उत्तमचंदानी, पोपटी हिरानंदानी आदी लेखिका मुंबईत लिहीत राहिल्या. पोपटी हिरानंदानी यांच्या आत्मचरित्रास १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीचा समावेश झाला. परंतु भारतात तिला स्वतःचे राज्य नाही.

विस्थापितांनी संस्थाही बरोबर आणल्या. हैदराबादेत १९२२ मध्ये निघालेले नॅशनल कॉलेज वांद्र्यास १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि ते चालवणाऱ्या मंडळाच्या नावात ‘हैदराबाद (सिंध)’ ही अक्षरे कायम राहिली. कंसातील ‘सिंध’ हा शब्द दख्खनच्या हैदराबादेशी घोटाळा होऊ नये म्हणून आहे, हे उघडच आहे; पण मुंबईच्या रस्त्यावर तो वाचणाऱ्यास एक हरवलेला पत्ता म्हणूनही वाचता येतो.

लिपीचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला. १९५० च्या सुमारास भारतात सिंधीसाठी देवनागरीचा पुरस्कार झाला, त्यास विरोध झाला आणि अखेर देवनागरी व अरबी वळणाची लिपी या दोन्हींना मान्यता मिळाली. देवनागरीच्या बाजूने व्यवहाराची निकड होती: मुलांना हिंदी आणि मराठी त्याच लिपीत शिकायची होती. विरोधी बाजूस परंपरेची चिंता होती: देवनागरीत वाढलेल्या पिढीस सिंधमध्ये छापलेले पुस्तक हाती आले तरी वाचता येणार नव्हते. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे ठरले. सीमेपेक्षाही हे विभाजन खोल गेले, कारण सीमा ओलांडून आलेले पुस्तकसुद्धा त्याने बंद करून टाकले. एकोणिसाव्या शतकात एका मराठी अधिकाऱ्याने ज्या लिपीच्या प्रश्नात लक्ष घातले होते, तो प्रश्न विसाव्या शतकात मराठी प्रदेशातील शाळांच्या वर्गांत येऊन बसला.

५. आकाशाचे बंद होणे

१९६५ च्या युद्धाने मुनाबाव–खोखरापार ही लोहमार्गाची जोडणी तुटली. ती ‘थार एक्सप्रेस’च्या रूपाने फेब्रुवारी २००६ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा थांबली. त्या युद्धातील एक घटना या आकाशाचा बदललेला अर्थ सांगते. १९३० मध्ये आगा खान पारितोषिकासाठी इंग्लंड–भारत उड्डाणाची स्पर्धा झाली, तेव्हा जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे आणि कराचीचा तरुण अस्पी इंजिनीयर इंग्लंडहून कराचीकडे निघाले होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडलेले पाहून टाटा यांनी त्यास आपल्याकडील प्लग दिला आणि स्पर्धा अस्पीने जिंकली. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांचे बंधू जहांगीर इंजिनीयर १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांना घेऊन जाणारे विमान चालवीत होते. ते कच्छच्या आकाशात पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले आणि त्यातील कोणीही वाचले नाही. ते विमान पाडणाऱ्या वैमानिकाने २०११ मध्ये जहांगीर यांच्या कन्येस खेदपत्र पाठवले आणि तिने त्यास समंजस उत्तर दिले. या मार्गाच्या पत्रवाङ्मयात त्या दोन पत्रांचे स्थान मोठे आहे. ती विमानाने गेली नाहीत, संगणकावरून गेली.

त्याच युद्धाच्या काळात सिंधमधील श्रेष्ठ कवी शेख अयाज यांनी भारतात गेलेला आपला कविमित्र नारायण श्याम यास उद्देशून कविता लिहिली. समोर हा मित्र असेल तर बंदूक कशी रोखावी, हा तिचा आशय. या कवितेबद्दल अयाज यांच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला गेला. तुलनाकारास यातून दिसते ते असे की, राजकीय सीमेच्या पलीकडचा वाचक हाच या कवितेचा अंतःस्थ वाचक आहे. ‘पाकिस्तानी साहित्य’ किंवा ‘भारतीय साहित्य’ या कोणत्याही एका कप्प्यात टाकल्यास तिचा संबोधितच नाहीसा होतो.

कुर्रतुलऐन हैदर यांचे उदाहरण दुसऱ्या दिशेचे आहे. १९४७ मध्ये त्या पाकिस्तानात गेल्या. तेथे १९५९ मध्ये ‘आग का दरिया’ प्रसिद्ध झाली. काही काळ इंग्लंडमध्ये राहून १९६० च्या सुमारास त्या भारतात परतल्या आणि मुंबईत पत्रकारिता करू लागल्या. कराची आणि मुंबई या दोन शहरांतील ८७५ किलोमीटरांची वाट त्यांच्या बाबतीत लंडनमार्गे गेली.

त्यानंतरचा कालक्रम उघडझाप करणाऱ्या दारासारखा आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. हवाई संबंध १९७६ मध्ये पूर्ववत झाले. या उघड्या काळातच, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डी. टाटा यांनी पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कराची–मुंबई हा प्रवास एका जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून पुन्हा केला. १ जानेवारी २००२ पासून विमाने पुन्हा थांबली आणि १ जानेवारी २००४ पासून पुन्हा उडू लागली. पुढील दशकात मुंबई–कराची सेवा विरळ होत गेली. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे आकाश बंद राहिले. पहलगाम येथील हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आकाश बंद केले आणि भारताने पाकिस्तानी नागरिकांसाठी व्हिसासेवा स्थगित केली. आकाशबंदीची मुदत त्यानंतर महिन्यामहिन्याने वाढवली गेली.

विमानांच्या बरोबरीने कागदांचे अंतरही मोजले पाहिजे. भारताचा कराचीतील वाणिज्य दूतावास १९९४ च्या अखेरीस बंद झाला. त्यानंतर कराचीच्या रहिवाशास मुंबईस यावयाचे असल्यास इस्लामाबादेतील उच्चायुक्तालयाची परवानगी आवश्यक ठरली. मुंबईकरास कराचीसाठी दिल्लीकडे पाहावे लागे. कराची–इस्लामाबाद अंतर १,१०० किलोमीटरांहून अधिक आहे आणि मुंबई–दिल्ली अंतरही तितकेच आहे. म्हणजे परवानगी देणारे कार्यालय हे गंतव्य शहरापेक्षा दूर होते. दोन्ही देशांतील व्हिसा देशासाठी नव्हे, तर नेमक्या शहरांसाठी दिला जाई आणि पोचल्यावर पोलिसांकडे नोंद करावी लागे. ज्या वृद्ध माणसास आपले जन्मगाव एकदा पाहून यावयाचे होते, त्याच्या दृष्टीने ‘दीड तास’ या आकड्यास काही अर्थ उरलेला नव्हता.

६. अनुवादाची आडवाट

प्रवाशांस लागलेले वळण पुस्तकांसही लागले. कराचीत लिहिलेली इंग्रजी कादंबरी मुंबईच्या दुकानात येते ती बहुधा लंडनच्या प्रकाशकाकडून. कमिला शम्सी यांची ‘कार्टोग्राफी’ ही २००२ मधील कादंबरी याचे समर्पक उदाहरण होय. शीर्षकातच कराची आणि नकाशाशास्त्र यांचा श्लेष असलेली ही कृती शहराचा नकाशा आणि त्यातील माणसांची वाट यांमधील तफावत सांगते. आणि ती स्वतः मात्र एका तिसऱ्या शहराच्या वाटेने शेजारच्या बंदरात पोचते. मंटो मराठी वाचकास भेटतात ते पुष्कळदा देवनागरीतील हिंदी आवृत्त्यांच्या आधारे. सिंधमधील आजचे सिंधी लेखन मराठीत यावयाचे तर त्यासही हिंदी किंवा इंग्रजी असे मधले स्थानक घ्यावे लागते. या सर्व आडवाटांना ‘अनुवादाची दुबई’ म्हणता येईल: तेथे पोचता येते, पण ज्या शहरात उतरतो त्याचा साहित्याशी संबंध नसतो आणि प्रत्येक वेळी सामान पुन्हा तपासले जाते.

यातील विपर्यास असा की, थेट वाटेची साधने मराठी प्रदेशातच उपलब्ध होती. उल्हासनगर, मुंबई आणि पुणे येथे मराठी व सिंधी दोन्ही भाषा अवगत असलेल्या माणसांची दोन पिढ्या वस्ती होती. अरबी वळणाची लिपी वाचणारी ज्येष्ठ पिढी, देवनागरी वाचणारी मधली पिढी आणि मराठी माध्यमात किंवा मराठी परिसरात वाढलेली तरुण पिढी एकाच घरात नांदत होती. अशा घरात अनुवादाची संपूर्ण साखळी तयार असते. तिला मधल्या स्थानकाची गरज नसते. या साखळीचा उपयोग मराठी साहित्यव्यवहाराने फारसा करून घेतला नाही, कारण सिंधी माणसाकडे त्याने व्यापारी म्हणून पाहिले, साहित्यिक म्हणून पाहिले नाही. ज्येष्ठ पिढी झपाट्याने ओसरत आहे आणि तिच्याबरोबर एक लिपी वाचण्याची क्षमताही ओसरत आहे. जी वाट सरकारांनी बंद केली ती उघडणे अभ्यासकाच्या हाती नाही. जी वाट घरातच होती ती वापराविना बुजू देणे हे मात्र त्याच्याच हातून घडले आहे.

७. निष्कर्ष

भारतातील तौलनिक साहित्याभ्यासाने राष्ट्र आणि भाषावार प्रांत ही दोन एकके दीर्घकाळ गृहीत धरली. या एककांत मुंबई ‘मराठी’च्या किंवा ‘भारतीया’च्या आणि कराची ‘पाकिस्तानी’च्या खात्यात पडते, आणि दोहोंमधील व्यवहार केवळ ‘फाळणीचे साहित्य’ या एका प्रकरणापुरता उरतो. वाट हे एकक मानले, तर चित्र बदलते. मग वैद्य यांचे लिपिकार्य, गोमंतकीयांची कोकणी, पारशी–खोजा–मेमन यांची गुजराती, मंटो आणि हैदर यांची उर्दू, अयाज आणि हिरानंदानी यांची सिंधी ही एकाच मार्गावरील भिन्न काळांतील वाहतूक म्हणून वाचता येते. फाळणी त्या इतिहासाचा आरंभही ठरत नाही आणि शेवटही ठरत नाही. ती त्यातील सर्वांत मोठी दिशापालट ठरते.

या पद्धतीस मर्यादा आहेत. वाटेचा अभ्यास करताना न निघालेल्या माणसांचा विसर पडण्याचा धोका असतो. सिंधमध्ये राहिलेले हिंदू, मुंबईत राहिलेले उर्दू लेखक, कराचीत आजही गणपती बसवणारी थोडी मराठी कुटुंबे यांचा इतिहास हा प्रवासाचा नसून स्थैर्याचा आहे. वाट त्यांच्या दारावरून गेली आणि मग थांबली. तिच्या थांबण्याचा परिणाम त्यांच्यावर जितका झाला तितका प्रवाशांवरही झाला नसेल. त्यामुळे वाटेच्या इतिहासात वर्दळीइतकीच शांततेचीही नोंद व्हावयास हवी.

मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून हवाई अथवा भूमार्गाने येणारे टपाल आणि पार्सले स्वीकारणे थांबवले. कराची–मुंबई हवाई मार्गाचा आरंभ ज्या २५ किलो पत्रांनी झाला होता, त्या जातीचे एक पाकीटही त्या आदेशानंतर त्या दिशेने येऊ शकत नव्हते. अंतर तेच ८७५ किलोमीटर होते. विमानाचा वेग १९३२ च्या मानाने पाच-सहा पट वाढलेला होता. राहिला प्रश्न वाटेचा. आणि वाटेचा इतिहास लिहिताना साहित्याच्या अभ्यासकास भूगोलाच्या पुस्तकापेक्षा टपालाच्या शिक्क्यांकडे, लिपीच्या तक्त्यांकडे आणि अनुवादाच्या मुखपृष्ठामागील पानाकडे अधिक काळजीपूर्वक पाहावे लागेल.